समुद्री टाकीसाठी घरी दगड : सोलापुरात कोणी केलाय का?

जुळेकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय, आता खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं मनात आहे. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ १९० लिटर, प्रत्यक्षात दीडशेच्या वर पाणी राहील. क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा), दोन-चार कोळंब्या, एवढाच संसार.

घोडं अडलंय दगडापाशी. लाइव्ह रॉकचे (समुद्रातून काढलेला, जीवाणू वसलेला सच्छिद्र दगड) पुण्या-मुंबईतले भाव ऐकून घरात विषय काढायची हिंमत होईना. शिवाय तो दगड आला कुठून, याचं सरळ उत्तर एकही दुकानदार देत नाही. सिमेंट, शिंपल्याचा चुरा आणि खडे मीठ कालवून घरी दगड करतात असं वाचलंय. पण सिमेंट पाण्यात घातलं की मासे मरतात, हेही लहानपणापासून ऐकलंय. यातलं खरं काय? सिमेंट कोणतं घ्यायचं? आणि आपल्याकडच्या उन्हात हे जमेल का? स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगावं.

भर_दुपारी
काय करलालाव मालक! सोलापुरात दगड 'तयार' करायचा? गावाबाहेर कुठंही कुदळ मारा, मातीच्या आधी दगड लागतो. पोत्यानं आणून देतो, हमाली तेवढी द्या.

डेक्कन_ट्रॅप
@भर_दुपारी, विनोद ठीक आहे, पण हा प्रश्न खरंच विचारला जातो म्हणून सांगतो. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो विषारी नाही, टाकीत ठेवला तर काही बिघडणार नाही. अडचण अशी की तो भरीव असतो. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या दिसतात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि बऱ्याचदा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेल्या असतात. पाणी आतून फिरत नाही. वजन मात्र दणदणीत.

काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे वापरू का, असंही एकानं मला विचारलं होतं. त्यात चिकणमाती गच्च बसलेली असते, धुऊन धुऊन हात दुखतील आणि तरी पाणी गढूळच राहील. शेतातलं खत मुरलेलं असेल ते वेगळंच.

खारट
पुण्यात रीफ टाकी (प्रवाळांची खारी टाकी) आहे, त्यातला अर्ध्याहून जास्त दगड घरी केलेला. जरा सविस्तर लिहितो.

खाऱ्या टाकीत दगड शोभेसाठी नसतो, तिथलं गाळणीचं काम तो करतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगड सच्छिद्र असेल तर आत खोलवर, जिथं प्राणवायू कमी पोचतो, तिथं दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. म्हणून वजनापेक्षा पोकळ्या महत्त्वाच्या. जुना हिशोब लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅमचा. तुमच्या टाकीला २० किलोच्या आसपास. दगड पोकळ जमला तर १५ किलोतही भागतं.

पोकळ्या करायचं काम खडे मिठाचं. सिमेंटबरोबर मीठ कालवायचं, गोळा घट्ट झाला की पाण्यात बुडवायचा. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. असा दगड मधोमध फोडून बघा, आत मिठाच्या खड्याच्या आकाराची चौकोनी कोपऱ्यांची बिळं दिसतात. बारीक मीठ घातलं तर ते कालवतानाच विरघळतं आणि हाती फरशीचा तुकडा येतो.

माझं माप असं: सिमेंट एक भाग, शिंपल्याचा जाडसर चुरा तीन भाग, खडे मीठ दोन भाग. हे सगळं वजनानं नाही, भांड्यानं मोजायचं. मिठाचा हात सैल सोडला तर दगड चुरतो.

आणि हो, मासे मरतात हे खरं आहे. ताजा दगड टाकला तर. त्याबद्दल केमिस्ट्रीवाल्यांनी लिहावं, माझं ज्ञान टेस्ट किटपुरतं आहे.

दर्यावर्दी
मालवणचा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच. कोणी 'समुद्रातला खरा दगड आणून देतो' म्हणालं तर हात जोडा. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडासुद्धा त्यात येतो. आमच्याकडे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी पर्यटक किनाऱ्यावरून खिसे भरून नेतात आणि वर 'हे तर वाळूत पडलेलं होतं' असं ऐकवतात.

त्यामुळे धागाकर्त्यांचा घरच्या दगडाचा विचार मला पैशापेक्षा याच कारणासाठी पटला.

गवंड्याचा_नातू
सिमेंटवर मी बोलतो. अक्कलकोट रोडला बांधकामाच्या साइट चालू आहेत, रोजचा धंदा आहे.

दुकानात नुसतं 'सिमेंट द्या' म्हणालात तर बहुतेक वेळा पीपीसी हातात पडतं. त्यात औष्णिक केंद्राची राख असते. तुम्हाला हवं ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, गोणीवर ४३ किंवा ५३ ग्रेड लिहिलेलं. ५३ च पाहिजे असा हट्ट नको, तुम्हाला स्लॅब टाकायचा नाही. नाहीतर पांढरं सिमेंट घ्या. रंगाच्या दुकानात एक आणि पाच किलोच्या पिशव्या मिळतात, पन्नास किलोची गोणी अंगावर पडत नाही. फक्त पुट्टी उचलून आणू नका. पिशव्या सारख्याच दिसतात, पण पुट्टीत चिकटपणासाठी पॉलिमर घातलेलं असतं. वॉटरप्रूफिंगचं लिक्विडही चुकून घालू नका, आपल्याला पाणी आत जायला हवंय!

गोणीवर कारखान्याच्या आठवड्याचा आकडा छापलेला असतो तो बघून घ्या. तीन महिन्यांवर जुनं असेल, गाठी झाल्या असतील तर सोडून द्या.

पाणी अगदी बेतानं. मुठीत दाबलं की गोळा राहिला पाहिजे, बोटांतून पाणी ओघळलं की बिघडलं. आधी सिमेंट आणि चुरा कोरडं कालवा, मग पाणी, आणि मीठ सगळ्यात शेवटी. घमेल्यात ओली वाळू पसरून तिला हातानं खळगे पाडा, त्यात माल टाका. थापी फिरवून गुळगुळीत करायचा मोह टाळा. गुहा पाहिजे असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा मध्ये ठेवा आणि अर्धवट घट्ट झाल्यावर फिरवून काढा. आत तार, खिळा, सळई काही नको, खाऱ्या पाण्यात गंजून दगड फुटेल.

हातमोजे घाला. ओलं सिमेंट कातडी खातं, आमच्या आजोबांची बोटं बघितली असती तर सांगावं लागलं नसतं.

खारट
@गवंड्याचा_नातू, झकास लिहिलंय दादा. पीपीसीला माझाही विरोधच. राखेत काय काय जड धातू असतील कोणास ठाऊक, कोळंबीला तांब्याचा थेंबही चालत नाही.

चंद्रभागा
पंढरपूरहून लिहिते. शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. माशांतलं मला फारसं कळत नाही, चुन्यातलं कळतं.

सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना तयार होतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तोच पाण्यात उतरतो. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या घरात असतो आणि समुद्राचा सव्वाआठच्या आसपास. आता वर खारट यांनी अमोनियाचा उल्लेख केला आहे. पाण्यात तो दोन रूपांत राहतो, एक सौम्य आणि एक विषारी. पीएच चढेल तसं विषारी रूप वाढतं. सव्वानऊच्या सुमाराला जवळजवळ निम्मा अमोनिया त्या रूपात जातो. म्हणजे मासा दोन्हीकडून कात्रीत सापडतो, कल्ले भाजतात ते वेगळं आणि अमोनिया चढतो तो वेगळा.

उपाय म्हणजे चुना धुऊन काढणं आणि उरलेल्याचा खडू करणं. निवळीत नळीनं फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी शाळेत केला असेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड दगडाच्या पृष्ठभागावर तेच करतो. भिजत घातलेल्या टबावर पांढरी साय धरते ती हीच.

पीपीसीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. राखेतली सिलिका तो मोकळा चुना बांधून टाकते. हळूहळू होतं, पण होतं. त्यामुळे नुसत्या चुन्याचा विचार केला तर पीपीसी उलट बरं. जड धातूंची शंका रास्त आहे, त्याबद्दल मी हमी देणार नाही.

गवंड्याचा_नातू
ताई, हे बरोबर आहे. साइटवर आम्ही पीपीसीला जास्त दिवस पाणी मारतो ते याचसाठी, त्याची ताकद उशिरा येते. पण मग यांना दगडसुद्धा तेवढाच जास्त काळ थांबवावा लागेल.

भर_दुपारी
म्हणजे मासे आणायच्या आधी दगडाचं बारसं, मुंज सगळं होणार.

जुळेकर
सगळ्यांचे आभार, धागा एवढा पळेल असं वाटलं नव्हतं. पांढरं सिमेंट पक्कं करतो. आता शिंपल्याचा चुरा सोलापुरात कुठून आणू? अॅक्वेरियमच्या दुकानात अॅरागोनाइट वाळू (कॅल्शियम कार्बोनेटची) आहे, पण इवल्याशा पिशवीचा भाव चादरीच्या भावाशी स्पर्धा करतोय. आणि हळूच विचारतो, रांगोळी चालेल का?

अंडेवाला
मोहोळजवळ लेअर कोंबड्यांची शेड आहे. दादा, तुम्ही ज्याला शिंपल्याचा चुरा म्हणताय तो आमच्या कोंबड्या रोज खातात. शेल ग्रिट म्हणून पोतं मिळतं, अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून खाद्यात घालतो. कुठल्याही पोल्ट्री खाद्याच्या दुकानात विचारा. फक्त 'शेल' ग्रिट म्हणा, नाहीतर संगमरवराची खडी देतील, तीही याच कामाला विकली जाते.

आणल्यावर धुवायला मात्र कंटाळू नका. त्यात समुद्राची वाळू, वाळलेलं मांस, खाद्याची धूळ असं काहीबाही असतं. भिजवल्यावर जो वास सुटतो तो शेजाऱ्यांना आधी कळतो.

चंद्रभागा
रांगोळी नको. ती वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या दगडाची करतात. चिमूटभर रांगोळीवर व्हिनेगर टाकून बघा. जोरात फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट, मंद बुडबुडे आले तर बहुधा डोलोमाइट, काहीच नाही तर गारेचा चुरा. शिवाय एवढं बारीक पीठ घातलं तर भोकं बुजतील. ग्रिट आणाल तेव्हा त्यालाही व्हिनेगरची परीक्षा द्या, संगमरवर आणि शिंपला दोन्ही फसफसतील, वाळू गप्प बसेल.

नवी_पेठ
व्हिनेगरवरून आठवलं. नेटवर सांगतात की दगड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की चुना झटक्यात मरतो, महिनाभर थांबायची गरज नाही. मग हे सगळे एवढे दिवस का घालवतात?

खारट
कारण तसं होत नाही. वरचा चुना मरतो, पीएच छान दिसतो, माणूस खूश होऊन मासे सोडतो. आतला चुना नंतर बाहेर येत राहतो.

चंद्रभागा
आणि आम्ल फक्त चुन्याला शोधत फिरत नाही. ते शिंपला खातं आणि सिमेंटचा बांधही खातं. कोपरे भुसभुशीत होतात. शेवटी एकदा वरची पूड झाडायला हलक्या व्हिनेगरनं पुसलं तर हरकत नाही, पण थांबण्याला तो पर्याय नाही.

नवी_पेठ
ठीक. पण 'थांबा' म्हणजे किती? आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. बायको पिंपं मोजते आणि मी दगडाला आंघोळी घालत बसू?

गवंड्याचा_नातू
हा प्रश्न खरा सोलापूरचा! भिजवायला उजनीचं पिण्याचं पाणी कशाला, बोअरचं जड पाणी चालतं. शेवटच्या दोन-तीन वेळाच आरओचं वापरा. सुरुवातीचं पाणी खारट असतं, कुंडीत ओतू नका, झाड जाईल.

आणि उन्हाबद्दल धागाकर्त्यानं विचारलं होतं, ते मागेच राहिलं. ऊन हाच आपल्याकडचा मोठा शत्रू. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर माल टाकला तर तासाभरात वरून वाळतो, वाळला म्हणजे घट्ट झाला असं नाही. आतलं पाणी उडून गेलं की सिमेंटची क्रिया अर्धवट राहते, नखानं खरवडलं तरी भुगा निघतो. सावलीत करा, वरून प्लास्टिक, त्यावर ओलं गोणपाट. एक-दोन दिवसांनी साच्यातून काढा, मग टबात. पूर्ण ताकदीला अठ्ठावीस दिवस धरतात, तेवढे तर पाण्यात राहू द्याच.

चंद्रभागा
चुन्याचा खडू व्हायलाही ओलावा लागतो, कोरड्याठाक हवेत ती क्रिया रखडते. त्यामुळे पावसाळ्यात केलेला दगड बरा पिकेल. अधूनमधून टबातून काढून दमट हवेत ठेवा, पुन्हा बुडवा.

किती थांबायचं ते कॅलेंडर सांगणार नाही, पाणी सांगेल. महिना ते दोन महिने गृहीत धरा. पाणी बदलून दगड तसाच दोन-तीन दिवस ठेवायचा आणि मग पीएच मोजायचा. लगेच मोजला तर ताज्या पाण्याचाच आकडा येतो. साडेआठच्या वर जात नाही असं लागोपाठ दिसलं की झालं.

सुरुवातीला महाग किट वाया घालवू नका. गाळणीच्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा, त्याच्या पट्ट्या कापा. टबाच्या पाण्यात पट्टी बुडवली आणि कडेपासून लालसर तपकिरी डाग पसरत गेला की चुना अजून आहे. पिवळीच राहिली की मग किट उघडा. हळद आठ-साडेआठच्या आसपास रंग बदलते, त्यामुळे शेवटचा निवाडा तिच्यावर सोडू नका. आमच्या गावात हळकुंडापासून कुंकू करतात त्यामागेही हळद आणि क्षाराचा हाच खेळ आहे.

भर_दुपारी
ताई, दंडवत. आता जुळेकर वहिनींनी विचारलं की हळदीचा डबा कुठं गेला, तर 'दगडाला हळद लावतोय' असं सांगा. देवच समजतील, टबातला दगड कोणी हलवणार नाही.

नवी_पेठ
😂😂 पुढं नारळ फोडावा लागेल.

सातरस्ता
अवांतर: मीठ एवढं लागतंच तर मिठागराचं मीठ पाण्यात घालूनच टाकी भरली तर? नाहीतर कोकणात जाणाऱ्या कोणाला तरी कॅन द्यायचे.

खारट
मिठागराच्या मिठानं नाही जमत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. मीठ स्फटिक होताना मॅग्नेशियम बरंचसं मागच्या पाण्यातच राहतं. त्यामुळे तयार सी-सॉल्ट आणि आरओचं पाणी, सापेक्ष घनता १.०२५. किनाऱ्यालगतचं पाणी बंदर-नाल्यांजवळचं असलं तर त्यात काय असेल याची खात्री नाही, आणि दर वेळी सोलापूरपर्यंत कॅन कोण वाहणार?

सोलापूरवाल्यांना एक फायदा आहे. तुमची हवा कोरडी, त्यामुळे टाकीवर साधा पंखा लावला तरी बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. पुण्यात पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. उडालेलं पाणी मात्र रोज आरओच्या गोड्या पाण्यानं भरायचं, मीठ उडत नाही. मे महिन्यात ४३ अंशांत वीज गेली तर काय, याचा विचार माशांच्या आधी करा.

दर्यावर्दी
मासे घेताना जोपासलेले क्लाउनफिश मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास टाकीत करायचं तंत्र केव्हाच बसवलंय, रीफवरून पकडून आणलेले घ्यायचं कारण नाही.

आणखी एक, जरा गंभीर. कोणी जुन्या टाकीतला वापरलेला दगड दिला तर 'निर्जंतुक' करायला उकळू नका. दगडावर वाढणाऱ्या काही झोअँथिडमध्ये (प्रवाळांचे नातलग प्राणी) पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, वाफेतून ते श्वासात जाऊन घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं आहेत. घरचा सिमेंटचा दगडही ओव्हनमध्ये वाळवू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन तडकतो.

जुळेकर
आता बरंच स्पष्ट झालं. पांढरं सिमेंट, शेल ग्रिट, खडे मीठ, सावली, गोणपाट, बोअरचं पाणी, हळदीच्या पट्ट्या. दोन शंका उरल्या. दगड पिकल्यावर लगेच मासे सोडता येतील का? आणि टाकी पहिल्या मजल्यावर आहे, वजनाचं काय?

खारट
लगेच नाही. तुमचा दगड पिकला तरी निर्जीवच असतो, जीवाणू यायचे आहेत. टाकीत खारं पाणी आणि दगड ठेवून अमोनियाचा थोडा स्रोत द्या आणि बाटलीतले जीवाणू किंवा ओळखीच्या चालू टाकीतली मूठभर वाळू टाका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत आणखी चार-सहा आठवडे धरा. दगडावर शैवालाचा जांभळा थर हवा असेल तर तोही कोणाच्या तरी टाकीतून बियाण्यासारखा आणावा लागतो, सिमेंटातून उगवत नाही.

दगड आधी तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर. गोबी वाळू उकरतो. वाळूवर रचलेला ढीग तो एका रात्रीत आडवा करेल.

गवंड्याचा_नातू
पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड धरून तीनशे किलोच्या आत बसेल. पहिल्या मजल्यावर स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खालून भिंत किंवा बीम येतो त्या बाजूला, भिंतीलगत घ्या. घर जुनं, माळवदाचं असेल तर आधी मला फोटो पाठवा.

जुळेकर
आरसीसी आहे, भिंतीलगतच ठेवतो. @अंडेवाला दादा, ग्रिट किलोवर मिळेल का? माझ्या हिशोबानं दहा-बारा किलो पुरेल.

अंडेवाला
किलोवर कोण देणार मालक, पोतं पन्नास किलोचं येतं. शेडवर या, फोडलेल्या पोत्यातलं काढून देतो. पैसे नकोत, पण येताना नवी पेठेतून शेंगाचटणी आणा, तिखट.

भर_दुपारी
मलाही पाच किलो ठेवा. टाकी नाहीये, पण हळदीच्या पट्ट्या ऑलरेडी कापून झाल्यात.